पिवळ्या बोटांचा उन्हाळा

चैत्र लागला की सांगलीच्या वाऱ्याला हळदीचा वास येतो. दुपारी मार्केट यार्डाच्या बाजूनं झुळूक आली की आधी नाकात धूळ जाते आणि तिच्या मागून तो कडसर, मातकट वास. लोकांना तो शुभ वाटतो. कुणाला लग्नघर आठवतं, कुणाला देवाचा भंडारा. मला राग येतो. सत्तरी उलटली, गुडघे गेले, एका कानानं कमी ऐकू येतं, माणसांची नावं विसरते. हा राग मात्र जसाच्या तसा आहे. झाडांना पालवी फुटते त्या सुमाराला त्यालाही फुटते.

यंदा तो जरा जास्तच उसळला, त्याला कारण स्नेहल. स्नेहल म्हणजे आमच्या शेजारची सून, एका खाजगी कचेरीत नोकरीला आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिला कॉम्प्युटरवर चार ओळी लिहिण्यापलीकडं काही येत नव्हतं. मोबाईल डब्यांच्या फळीला टेकवून ठेवायचा, एकीकडं भाजी परतायची आणि दुसरीकडं त्यात बघून एक्सेल शिकायचं, असं करत ती शिकली. कणकेचे हात पदराला पुसून वहीत काहीतरी टिपून ठेवायची. परवा गॅलरीत कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "काकू, महिन्याचे सगळे तक्ते मी करते. साहेब नुसते मीटिंगमध्ये उघडून दाखवतात. यंदा बढती निघाली, ती माझ्या शेजारी बसतो त्या मुलाला दिली. त्याला त्यात साधी बेरीज लावता येत नाही. आता साहेब म्हणतात, त्याला जरा शिकव."

ती हसत सांगत होती. मी तांदूळ निवडत होते, ते ताट खाली ठेवलं. "त्याला जरा शिकव." अगदी हेच शब्द, ह्याच महिन्यात, ह्याच गावात मी उभ्यानं ऐकले होते. तेव्हा स्नेहलची आईसुद्धा जन्मली नसेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव नदीपलीकडं, उसाचं आणि हळदीचं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते फौजेतून हवालदार म्हणून सुटून आले होते आणि शेतातसुद्धा पाठीचा कणा ताठ ठेवून चालायचे. सांगलीत हळद-गुळाची खरेदी-विक्री करणारी एक सहकारी संस्था होती. आबा तिचे सभासद. एक दिवस ते चेअरमनांच्या दारात गेले आणि म्हणाले, "पोरगी शिकल्याली हाय. कुटंतरी चिकटवा." माणूस एरवी कुणापुढं वाकणारा नव्हता. माझ्यासाठी वाकला, आणि चेअरमनांनी मला चिकटवली. शिपाई म्हणून.

हजेरीपटावर माझ्या नावापुढं तसं लिहिलेलंच होतं. शालन अमुक तमुक, शिपाई. मी टपाल फोडायची, माठ भरायची, चहा द्यायची, टेबलं पुसायची. कचेरीत दुसरी बाई नव्हती. मॅनेजरना आपण निकमसाहेब म्हणू. खरं नाव घेऊन काय करायचंय, आता ते नाहीत. निकमसाहेब चांगले शिकलेले, बोलणं गोड. माझी जागा कशी ठरली ते त्यांनीच एकदा मला हसत सांगितलं. "तुला क्लार्क केली असती गं. पण मग उद्या प्रत्येक सभासद आपापली पोरगी घेऊन दारात उभा राहील."

दिवाळीनंतर कचेरीत मराठी टाईपरायटर आला. सरकारी पत्रव्यवहार मराठीत करा, असा वरून आग्रह सुरू झाला होता. सगळे त्याला 'मराठी मशीन' म्हणायचे. इंग्रजी मशीन वसंतरावांचं. वसंतराव आमचे टायपिस्ट, पन्नाशीचे, अबोल, पांढऱ्या सदऱ्यातले. निकमसाहेबांनी त्यांना नव्या मशीनवर बसायला सांगितलं, तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "माझी थोडी वर्षं राहिलीत. आता नव्यानं बोटं मोडून घ्यायची ताकद नाही." विषय संपला. मराठी मशीन कोपऱ्यात मेणकापडाच्या टोपऱ्याखाली गेलं. लोक त्याच्यावर डबे ठेवायचे, छत्र्या ठेवायचे. सरकारला जाणारी पत्रं निकमसाहेब हातानं लिहायचे आणि वैतागायचे.

मी रोज ते टोपरं पुसायची. पुसता पुसता एक दिवस उचललं.

दुपारी साहेब घरी जेवायला जायचे. बाकीचे डबे खाऊन पानाच्या ठेल्याकडं निघायचे. वसंतराव खुर्चीतच डोळे मिटायचे. तेवढा वेळ कचेरी माझी असायची. रद्दीतले पाठकोरे कागद मी बाजूला काढून ठेवले होते. पहिला कागद सरळ घालायलाच मला दोन दुपारी लागल्या. मग एक कळ दाबली. टक्कन आवाज झाला, कागदावर 'स' उमटला, आणि मी दाराकडं बघितलं. वसंतरावांनी एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला.

शिकवणारं कुणी नव्हतं. सांगलीत टायपिंगचे क्लास होते. मी एका मास्तरांना जाऊन विचारलं, तर म्हणाले, "मुलींची बॅच नाही. पोरांत बसणार का?" आणि तिथं बसलेली पोरं हसली. मी माघारी आले.

मराठी मशीनची स्वतःची तऱ्हा असते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. आपण तोंडानं आधी अक्षर म्हणतो, मशीनला आधी वेलांटी पाहिजे. माझ्या वेलांट्या कितीतरी दिवस भलत्याच अक्षरांच्या डोक्यावर जाऊन बसायच्या. त्यातून काही अक्षरं तिथं पुरी नसतातच. 'शिपाई' हा शब्द मारून बघावा म्हटलं, तर अख्खा 'श' कुठं सापडेना. अर्धा होता. बराच वेळ शोधून चिडले आणि त्या अर्ध्या 'श'पुढं उगाच काना मारला, तर तो पुरा झाला. 'ध'चं तसंच, 'भ'चं तसंच, 'ण'चं तसंच. अर्धं मारायचं आणि कान्याचा टेकू द्यायचा. मला कुणी सांगितलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. कुणी सांगितलं नाही म्हणून ते मला आजन्म विसरता आलं नाही.

घरी सरावाला मशीन नव्हतं. साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर कोळशानं कळांचे गोल काढले, गोलांत अक्षरं लिहिली. उजव्या हाताखाली र, काना, स, य. चुलीवर आंघोळीचं पाणी तापेपर्यंत मी मांडीवर तो पुठ्ठा घेऊन बोटं आपटायची. आईला वाटायचं पोरीला काहीतरी झालंय. आबांनी एकदा उंबऱ्यात उभं राहून बघितलं आणि विचारलं, "काय गं, फौजेतल्या तारवाल्यावानी ठोकतीस, सिग्नलवाली झालीस काय?" मी सांगितलं काय ते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "कुनी शिकवलं?"

"कुनी न्हाई."

"मग चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याखाली त्यांनी एक फळी ठोकून दिली होती.

माघ संपता संपता आमच्याकडं हळद निघाली. ज्यांनी हळदीचा हंगाम बघितला नाही त्यांना तो पिवळा रंग कळायचा नाही. नांगराच्या मागं वेचायला बसलं की हळकुंडांनी बोटं रंगतात. मग काहिलीत हळद शिजते, वर पाला आणि पोती झाकलेली, कडेनं वाफ निघते आणि ती वाफ अंगाला, केसाला, लुगड्याला धरते. खळ्यावर हळद पसरली की सगळं खळं उन्हात पेटल्यासारखं दिसतं. मी पहाटे घरच्या हळदीत आणि दिवसा कचेरीत. हात कितीही घासले तरी बोटांच्या पेरांत आणि नखांत पिवळं राहायचंच.

आणि त्या पिवळ्यानंच घात केला. एकदा निकमसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मशीनचं टोपरं काढायला लावलं. पांढऱ्या अक्षरांच्या काळ्या कळा, आणि प्रत्येक कळेवर पिवळी छाप.

"ह्या कळांना हळद कुणी लावली?"

कुणीतरी म्हणालं, "दसऱ्याची पूजा हुकली होती, ती केली असेल कुणी," आणि सगळे हसले.

"मी," मी म्हटलं.

साहेबांनी मला खालून वर बघितलं. मग टेबलावरचं एक हस्तलिखित पत्र पुढं सरकवलं. "मार बघू." मी उभ्यानंच मारलं, कारण तिथं खुर्ची नव्हती. त्यांनी कागद उजेडाला धरून वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून पाकिटात घातला आणि म्हणाले, "उद्यापासून मराठी पत्रं तू करायचीस. चहाच्या वेळा सांभाळून."

आज मी हे लिहिते आहे आणि त्या 'चहाच्या वेळा सांभाळून'नं अजून माझी कानशिलं तापतात. तेव्हा तापली नाहीत. तेव्हा मला आनंद झाला होता, हे सांगायची जास्त लाज वाटते. मी पळत जाऊन माठ भरला आणि पळत येऊन मशीनवर बसले. मला एक स्टूल मिळालं होतं.

हळदीचा हंगाम म्हणजे संस्थेची धांदल. कुणाची हळद कोणत्या दिवशी सौद्याला, म्हणजे लिलावाला, लागणार, त्याच्या नोटिसा गावोगावच्या सभासदांना पाठवाव्या लागायच्या. पूर्वी त्या हातानं लिहिल्या जायच्या आणि निम्म्या कुणाला वाचता यायच्या नाहीत. आता मी मारायची, कार्बन घालून एका वेळी चार-चार. बाहेर अंगणात बैलगाड्या सुटलेल्या असायच्या, हमालांच्या पाठीवर पोती चढायची, आणि हवेत हळदीची भुकटी इतकी असायची की रिबनसुद्धा पिवळसर दिसायची. मशीनच्या आवाजात मला बाकीचं काही ऐकू यायचं नाही. फक्त "शालन, चहा" एवढं ऐकू यायचं.

शेवटी एकदा धीर करून विचारलं. "साहेब, टायपिंगचं काम मी करतीय. मग माझ्या नावापुढं काय लिवनार?"

"सर्टिफिकेट आहे का तुझ्याकडं?"

"न्हाई."

"मग काय लिहू?" ते अगदी मायेनं म्हणाले. "परीक्षा दे. पास हो. टायपिस्टची जागा मंजूर होणारच आहे. मग बघू."

हे मी खरं धरलं. का धरू नये? एवढा मोठा माणूस तोंडावर खोटं बोलेल असं मनात यायचं ते वय नव्हतं. आबांच्या पलटणीतले एक मित्र साताऱ्याला राहायचे. त्यांच्या मेव्हण्याचा तिथं टायपिंगचा क्लास होता, त्यांनी आपल्या क्लासतर्फे माझं नाव घातलं. रजेचा अर्ज घेऊन गेले तर निकमसाहेबांनी लगेच सही केली. वर म्हणाले, "दोन दिवस कशाला, चांगली चार दिवस जा. निवांत परीक्षा दे." त्यांच्या चांगुलपणानं मला भरून आलं होतं.

आबा माझ्याबरोबर आले. एसटीत त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः सगळा रस्ता गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले. साताऱ्यात उतरलो तेव्हा अजिंक्यतारा उन्हात करपलेल्या भाकरीसारखा दिसत होता. परीक्षेच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं. रांगेनं मशीनं आणि रांगेनं पोरं. मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. मला जे मशीन मिळालं ते क्लासचं, जुनं, माझ्या हाताला अनोळखी. त्याचा 'ळ' अडकायचा. घंटा झाली आणि सगळ्या मशीनांचा एकदम असा कडकडाट सुरू झाला, जणू पत्र्यावर गारा पडतायत. मी 'ळ' आला की कळ दाबायची, ती वर यायची नाही, करंगळीच्या नखानं उचकटायची आणि पुढं जायची. नखातून रक्त आलं ते बाहेर आल्यावर दिसलं.

आबा दारातल्या झाडाखाली उभे होते. बसले नव्हते.

"झालं?"

"झालं."

त्यांनी माझं बोट बघितलं, खिशातला रुमाल काढून त्याला गुंडाळला, आणि मला पेढ्याच्या दुकानात घेऊन गेले. कंदी पेढ्यांचा पुडा बांधून घेतला. "कचेरीत वाट," म्हणाले.

"आवं आबा, निकाल लागायचाय अजून."

"लागंल तवा लागंल. परीक्षेला बसलीस ह्येचं वाट."

तो पुडा घेऊन मी कचेरीत शिरले. माझं स्टूल भिंतीशी उलटं करून ठेवलं होतं. मराठी मशीनसमोर नवीकोरी खुर्ची होती आणि तिच्यात एक तरुण बसला होता. इस्त्रीचा बुशशर्ट, केसांना तेल. एका बोटानं एकेक कळ शोधत होता.

निकमसाहेब केबिनमधून बाहेर आले. माझ्या हातातला पुडा बघून म्हणाले, "वा, पेढे." एक उचलला, तोंडात टाकला. खाता खाता म्हणाले, "हा प्रताप, चेअरमनांचा भाचा. जागा मंजूर झाली बघ. कालपासून टंकलेखक म्हणून रुजू झालाय. त्याचा अजून हात बसलेला नाही. तू त्याला जरा शिकव. आठ-पंधरा दिवसांत तयार होईल."

मी म्हटलं, "आनि माझी परीक्षा?"

"चांगलंच झालं की. सर्टिफिकेट आलं की फ्रेम करून घरात लाव."

त्यांच्या ओठाला पेढ्याचा कण चिकटला होता. मी त्या कणाकडं बघत उभी राहिले. लोक म्हणतात रागानं डोळ्यांपुढं अंधारी येते. माझं उलटं झालं. सगळं लखलखीत दिसायला लागलं. चार दिवसांची रजा, ती मायेनं केलेली सही, 'निवांत परीक्षा दे', सगळं एका रांगेत उभं राहिलं. मला गावाबाहेर पाठवून हे उरकून घेतलं होतं. मी समोर असते तर निदान तोंड चुकवावं लागलं असतं.

वसंतराव टाईप करत होते. त्यांनी मान वर केली नाही. ह्या माणसानं माझी पहिली कळ ऐकली होती. साऱ्या थंडीत मी काय केलं ते त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर झालं होतं. एक वाक्य, "साहेब, हे बरोबर नाही," एवढं बोलले असते तर त्यांचं काहीच जाणार नव्हतं. त्यांनी ओळ संपवली, दांडा ढकलला, पुढची ओळ सुरू केली. निकमसाहेबांचा मला राग आहेच. पण निकमसाहेबांसारखी माणसं मला पुढं पुष्कळ भेटली आणि त्यांच्याशी कसं वागायचं ते मी शिकले. गप्प बसणाऱ्या भल्या माणसाचं काय करायचं, ते मला आजवर कळलेलं नाही.

प्रताप तसा वाईट नव्हता. तो मला हळूच म्हणाला, "ताई, मला कुठं टायपिस्ट व्हायचंय. मामांनी बसवलंय." त्याला नको असलेली ती खुर्ची मला हवी होती, आणि ती त्याच्याच खाली होती. ह्याहून चीड आणणारी गोष्ट असेल तर मला सांगा.

स्नेहलला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, पण राग येऊन उपयोग काय? आपलंच बीपी वाढतं." हल्ली सगळे असंच म्हणतात. श्वास घ्या, सोडून द्या, माफ करा. मला हे पटत नाही. मी सोडून दिलं असतं तर माठ भरत राहिले असते. राग ही काही अंगावर उठलेली पुळी नव्हे, की मलम लावलं आणि गेली. राग म्हणजे आपल्याशी काय झालं ते नीट दिसत असल्याची खूण. ज्यांना आपला राग गैरसोयीचा असतो, तेच आपल्या तब्येतीची काळजी जास्त करतात.

घरी आल्यावर मी आबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते भडकतील. ते खळ्याच्या कडेला बसले आणि हळदीकडं बघत म्हणाले, "हुकूम हाय. शिकव त्याला."

मग मात्र माझा तोल गेला. "तुमीबी त्यातलंच," मी म्हटलं. "चेअरमनला दुखवायचं न्हाई, एवडंच हाय तुमचं."

आईनं मला गप्प केलं. आबांनी एक हळकुंड उचलून परत ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "हजेरीला तुज्या नावाम्होरं काय लिवत्यात?"

"शिपाई."

"मग शिपायाचं काम कर." ते उठून उभे राहिले. "पलटनीत एक कायदा हाय. ज्येच्या खांद्यावर जी पट्टी, त्येचं त्येवडंच काम. शिपायाला कुनी सुभेदाराचं काम सांगत न्हाई, आनि सांगितलं तर शिपाई करत न्हाई. त्येला हुकूम मोडला म्हनत न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून मी शिपाई झाले. माठ भरला, टेबलं पुसली, टपाल फोडलं, चहा वेळेवर दिला. साहेबांनी पत्र पुढं केलं की म्हणायची, "टंकलेखकाकडं देते," आणि नेऊन प्रतापच्या टेबलावर ठेवायची. तो बिचारा कळा शोधत बसायचा. साहेब आधी हसले, मग समजावलं, मग आवाज चढवला. "माज आलाय तुला." मी म्हटलं, "साहेब, मी शिपाई हाय. शिपायाचं कायबी काम सांगा." हे वाक्य त्यांनीच हजेरीपटावर लिहून ठेवलं होतं.

सौद्यांच्या नोटिसा प्रतापनं मारल्या तशाच जायला लागल्या. वेलांट्या भलतीकडं, तारखा चुकलेल्या. मग एका सकाळी वाळव्याकडचं एक म्हातारं जोडपं बैलगाडीतून हळदीची पोती घेऊन अंगणात आलं. त्यांचा सौदा त्या दिवशी नव्हताच. नोटिशीत तारीख चुकीची पडली होती. निकमसाहेब खिडकीतून "परवा या," म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. म्हातारीनं गाडीतून उतरून माझ्यापुढं तो कागद धरला. "बाई, आमाला वाचता येत न्हाई. गुर्जींकडनं वाचून घेतलं. गुर्जी चुकलं का आमी चुकलो?"

मी कागद बघितला. त्या क्षणी माझ्या हट्टाची मला शंका आली, हे खरं आहे. बैलांच्या तोंडाला फेस होता, म्हाताऱ्याचे पाय धुळीनं पोटरीपर्यंत पांढरे झाले होते. मी म्हटलं, "आजी, तुमी न्हाई चुकला, गुर्जीबी न्हाई. इथनं चुकलंय." त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि तशीच आत गेले.

"साहेब, उद्याच्या सगळ्या नोटिसा आत्ता मारते. मशीन मोकळं करा. पन आधी माझ्या नावाम्होरं टंकलेखक लिवा."

"म्हणजे शेतकऱ्यांची अडवणूक करतेस?" साहेब मोठ्यानं म्हणाले, बाहेर ऐकू जाईल असं. "त्या म्हाताऱ्या माणसांकडं बघ जरा. तुला काही वाटत नाही?"

ज्यानं त्यांना परवा या म्हणून खिडकी लावून घेतली होती, तो मला विचारत होता. मी म्हटलं, "मला वाटतंय म्हनूनच आत आले. तुमाला वाटत असतं तर तुमी भाईर गेला असता."

त्याच दुपारी मला कामावरून कमी केलं. कारण दिलं उद्धटपणा. निघताना मी अंगणात थांबून म्हाताऱ्याला ओळखीच्या अडत्याचं दुकान दाखवलं, त्याच्याकडं पोती उतरवून घ्यायला सांगितलं. बाकी माझ्यानं त्यांच्यासाठी काही झालं नाही. त्याची बोच अजून आहे, आणि ती बोचही मी निकमसाहेबांच्याच खात्यावर टाकते.

तो वैशाख मी घरी काढला. गावात बोलवा झाली की पोरीला कचेरीतनं हाकलली. दोन स्थळं आली होती, ती परत गेली. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. आबांनी संस्थेत पाऊल ठेवायचं बंद केलं. पुढं त्यांची हळद त्यांनी कधी तिथं घातली नाही. मी डोक्यावर पदर घेऊन खळ्यावर वाळलेली हळद गोळा करायची आणि डोक्यात नुसती भांडणं करायची. निकमसाहेबांना द्यायची उत्तरं मला खळ्यावर सुचायची, एकाहून एक धारदार. ती ऐकायला तिथं फक्त चिमण्या होत्या.

निकाल पावसाळ्यात लागला. पास झाले. सर्टिफिकेट घेऊन एम्प्लॉयमेंटच्या कचेरीत नाव घातलं, आणि त्याच्याही नंतर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, पाटणहून बोलावणं आलं. सरकारी कचेरी. टंकलेखक पाहिजे.

पाटणला मी गेले तेव्हा तिथं कोयनेच्या खोऱ्यातला तो न थांबणारा पाऊस. कचेरीच्या भिंतींना ओल, फायलींना बुरशीचा वास, टेबलांचे पाय फुगलेले. हेडक्लार्क म्हणजे एक म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी मला 'बाई' म्हणून हाक मारली, खुर्ची पुढं केली आणि म्हणाले, "रुजू झाल्याचा कागद तुम्हीच करा. नाव लिहा, त्याच्याखाली हुद्दा."

मी कागद घातला. नाव मारलं. मग त्याच्याखाली हुद्दा मारायला लागले. ट, मग अनुस्वार, मग क. माझ्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. माझा जबडा आवळला होता आणि बोटं हातोड्यासारखी पडत होती. कचेरीतले सगळे माना वळवून बघायला लागले. दमट कागदातून एकेक अक्षर आरपार जात होतं.

हेडक्लार्क जवळ आले. "बाई, जरा हळू मारा. कागद फाटतोय."

"फाटू द्या," मी म्हटलं, "दुसरा लावते."

आणि दुसरा लावून मी तितक्याच जोरानं मारायला सुरुवात केली.